ब्राउझर बदलायचा आहे, पण कोणता घ्यायचा?

‘इन्कॉग्निटोमध्ये कूलरचे भाव बघितले होते, तरी संध्याकाळी फेसबुकवर कूलरच्याच जाहिराती कशा?’ ऊन तापू लागलं की नागपूरच्या सक्करदऱ्यात हा प्रश्न हमखास कानावर येतो. कधी बुधवार बाजारातल्या दुकानदाराकडून, कधी शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीकडून, कधी रघुजीनगरातल्या निवृत्त गुरुजींकडून. पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो: ‘क्रोम सोडा, असं सगळे सांगतात. पण मग घ्यायचं काय?’ प्ले स्टोअरमध्ये ‘प्रायव्हेट ब्राउझर’ असं लिहून शोधलं तर ढीगभर नावं समोर येतात आणि प्रत्येकाखाली ‘सुरक्षित’, ‘वेगवान’, ‘खासगी’ हेच शब्द असतात. त्यातून निवड कशी करायची, निवडल्यावर काय काय बदलायचं आणि कुठे सावध राहायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

इन्कॉग्निटो नेमकं काय झाकतं?

सगळे इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट टॅब बंद केले की त्यातली हिस्ट्री आणि कुकी (साइटने तुम्हाला ओळखण्यासाठी ठेवलेल्या छोट्या नोंदी) तुमच्या फोनवरून पुसल्या जातात. घरातल्या दुसऱ्या कुणी फोन हातात घेतला, तर तुम्ही काय पाहिलं ते त्याला दिसत नाही. त्याचं काम एवढंच. ज्या वेबसाइटवर तुम्ही गेलात तिला, तिथे बसलेल्या जाहिरात कंपन्यांना आणि तुमच्या इंटरनेट कंपनीला तुमचं येणंजाणं दिसतच राहतं. त्याच टॅबमध्ये तुम्ही जीमेल किंवा फेसबुकमध्ये लॉगिन केलंत, तर तुम्ही कोण आहात हेही त्यांना कळतं.

यावरून अमेरिकेत २०२० मध्ये गुगलवर सामूहिक खटला भरला गेला. इन्कॉग्निटोमध्येही आमची माहिती गोळा होते, अशी वापरकर्त्यांची तक्रार होती. २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत गुगलने अशा अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचं मान्य केलं आणि नवा इन्कॉग्निटो टॅब उघडल्यावर दिसणारी सूचनाही अधिक स्पष्ट केली. पुढच्या वेळी ती सूचना वाचून बघा. वेबसाइट माहिती गोळा करू शकतात, हे त्यात लिहिलेलं आहे.

आधी ठरवा: कोणापासून काय लपवायचं आहे?

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर निवड निम्मी झालीच. माझ्या अनुभवात लोकांच्या गरजा तीन प्रकारच्या असतात.

- घरच्यांपासून किंवा फोन हाताळणाऱ्यांपासून: यासाठी प्रायव्हेट टॅब आणि फोनचं लॉक पुरेसं आहे. नवा ब्राउझर लागत नाही.
- जाहिरात कंपन्यांपासून: बहुतेकांची खरी गरज ही. एका साइटवर काय पाहिलं ते दुसऱ्या साइटला कळू नये, आजाराबद्दल काही शोधलं तर महिनाभर त्याच औषधांच्या जाहिराती मागे लागू नयेत. इथे ब्राउझर बदलल्याचा फायदा सर्वांत जास्त होतो.
- इंटरनेट कंपनीपासून किंवा यंत्रणेपासून: हे अवघड आहे. भारतात इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना परवान्याच्या अटींनुसार वापराच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांची गरज वेगळी असते. त्यांच्यासाठी टॉर ब्राउझर आहे, त्याबद्दल पुढे.

बाकी लेख मुख्यतः दुसऱ्या गरजेबद्दल आहे.

पर्याय कोणते, आणि त्यांना पैसे कोण देतं?

ब्राउझर फुकट मिळतो, पण तो बनवायला हजारो माणसांचं काम लागतं. पैसा कुठून येतो हे बघितलं की तो ब्राउझर कुणाची बाजू घेईल याचा बराच अंदाज येतो. गुगलची मुख्य कमाई जाहिरातींची आहे. तिसऱ्या पक्षाच्या (तुम्ही उघडलेल्या साइटऐवजी इतर कंपन्यांनी ठेवलेल्या) कुकी क्रोममधून काढून टाकू, असं गुगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं होतं. मुदती पुढे ढकलत ढकलत जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला गेला. क्रोमची सुरक्षा उत्तम आहे, त्रुटी सापडली की ती लवकर बुजवली जाते, यात शंका नाही. पण हॅकरपासून वाचवणं वेगळं आणि जाहिरातवाल्यांपासून वाचवणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत क्रोमकडून फार अपेक्षा ठेवू नका.

फायरफॉक्स. २००४ पासून चालत आलेला, मोझिला या ना-नफा संस्थेच्या छत्राखालचा ब्राउझर. तो मराठीत वापरता येतो, हा आपल्याकडच्या ज्येष्ठांसाठी मोठाच फायदा. एका साइटने ठेवलेली कुकी दुसऱ्या साइटला वाचता येऊ नये म्हणून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवण्याची सोय त्यात २०२२ पासून आपोआप चालू असते. अँड्रॉइडवर त्यात ‘युब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्स्टेन्शन घालता येतं. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे हेच मूळ युब्लॉक ओरिजिन तिथे आता चालत नाही, त्याची फक्त हलकी आवृत्ती मिळते. मोबाईलच्या क्रोममध्ये तर एक्स्टेन्शनच घालता येत नाहीत.

उणी बाजूही सांगायला हवी. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गुगलकडूनच येतो, कारण फायरफॉक्समध्ये आधीपासून गुगल सर्च बसवलेलं असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोझिलाने वापराच्या नव्या अटी आणल्या, तेव्हा त्यांच्या भाषेवरून जगभर गदारोळ झाला आणि ती भाषा काही दिवसांतच बदलावी लागली. एवढं असूनही, साधा वापर करणाऱ्या मराठी माणसाला मी पहिलं नाव फायरफॉक्सचंच सांगतो.

ब्रेव्ह. क्रोमच्याच क्रोमियम या पायावर बांधलेला, त्यामुळे क्रोममध्ये उघडणाऱ्या साइट इथेही उघडतात. जाहिराती आणि ट्रॅकर अडवणं पहिल्या दिवसापासून चालू असतं, वेगळं काही घालावं लागत नाही. मोझिलाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ब्रेंडन आईक यांची ही कंपनी. तिचं उत्पन्न स्वतःच्या जाहिराती, सर्च आणि सशुल्क सेवांमधून येतं. ब्राउझरमध्ये क्रिप्टो वॉलेट, रिवॉर्ड्स अशा गोष्टीही आहेत, त्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. काही क्रिप्टो कंपन्यांचे पत्ते टाइप केले की ब्रेव्ह त्यांना स्वतःचा कमिशनचा कोड जोडत होता, हे २०२० मध्ये उघडकीला आलं. टीका झाल्यावर ते थांबवण्यात आलं. सेटिंगमध्ये हात न घालणाऱ्यांना मोबाईलवर हा ब्राउझर सोपा पडतो.

डकडकगो. याच नावाच्या सर्च इंजिनवाल्यांचा ब्राउझर. सेटिंग कमी, आणि ज्वालेचं चिन्ह दाबलं की सगळं पुसलं जातं. अँड्रॉइडवर दुसऱ्या अ‍ॅपमधले ट्रॅकर अडवण्याचीही सोय आहे. मात्र ती व्हीपीएनच्या मार्गाने चालते, त्यामुळे तुम्ही दुसरं व्हीपीएन वापरत असाल तर दोन्ही एकत्र चालणार नाहीत. २०२२ मध्ये एका अभ्यासकाने दाखवून दिलं, की मायक्रोसॉफ्टशी असलेल्या करारामुळे हा ब्राउझर त्यांचे काही ट्रॅकर अडवत नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने ते दुरुस्त केलं.

उला. चेन्नईच्या झोहो कंपनीचा, मे २०२३ मध्ये आलेला. केंद्र सरकारने घेतलेल्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये त्याला पहिला क्रमांक आणि एक कोटी रुपयांचं बक्षीस मिळालं. पाया क्रोमियमचाच. काम, वैयक्तिक, मुलं असे वेगवेगळे मोड आहेत आणि मुलांचा मोड घरात उपयोगी पडतो. फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह अभ्यासकांनी वर्षानुवर्षं उलटसुलट तपासले आहेत, तेवढा काळ उलाला अजून मिळालेला नाही. आपल्या देशातला म्हणून वापरून बघायला हरकत नाही. पण तो देशी आहे म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी सांगणार नाही.

सफारी. आयफोनवाल्यांसाठी. आपल्याकडे आयफोनवर कोणताही ब्राउझर घेतला तरी आतलं इंजिन अ‍ॅपलचंच असतं, त्यामुळे बदलून फार काही पदरात पडत नाही. सफारी एका साइटवरून दुसऱ्या साइटवरचा पाठलाग आधीपासूनच रोखते. ती सेटिंग चालू आहे एवढं बघा आणि पुढे चला.

टॉर. तुमचं येणंजाणं तीन वेगवेगळ्या ठिकाणांवरून फिरवून नेतो, म्हणून संथ चालतो. बँकांच्या साइट त्याला बहुधा अडवतात. रोजच्या वापरासाठी घेऊ नका. ज्यांना खरंच ओळख लपवायची आहे, त्यांनी त्यात स्वतःच्या नावाच्या खात्यात लॉगिन करू नये.

आणि एक आठवण. काही वर्षांपूर्वी स्वस्त फोनमध्ये सर्रास दिसणाऱ्या यूसी ब्राउझरवर २९ जून २०२० रोजी, टिकटॉकबरोबरच्या ५९ अ‍ॅपच्या यादीत, बंदी आली. त्याच्याही आधी २०१५ मध्ये कॅनडातल्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने दाखवलं होतं, की हा ब्राउझर वापरकर्त्याचा शोध आणि ठावठिकाणा यांसारखी माहिती नीट न झाकता पाठवतो. जुन्या फोनमध्ये तो अजून पडून असेल तर काढून टाका. प्ले स्टोअरबाहेरून एपीके फाईल मिळवून पुन्हा घालू तर नकाच.

माझा सल्ला: दोन ब्राउझर ठेवा

सगळं एकाच ब्राउझरमध्ये करण्याचा आग्रह सोडा. बातम्या, रेसिपी, आजाराची माहिती, खरेदीची चौकशी, परीक्षांचे निकाल यासाठी फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह हा मुख्य ब्राउझर करा. बँक, आयकर, आपले सरकार, महाडीबीटी अशा लॉगिन लागणाऱ्या कामांसाठी क्रोम किंवा मायक्रोसॉफ्ट एज तसाच ठेवा आणि त्यात इतर काहीही उघडू नका. दोन फायदे होतात. जाहिरातवाल्यांना तुमचं खातं आणि तुमची भटकंती जोडता येणं कठीण जातं. आणि सरकारी साइट नव्या ब्राउझरमध्ये अडली म्हणून वैतागून सगळंच सोडून देण्याची वेळ येत नाही. ब्राउझर बदलून आठवड्यात परत क्रोमवर आलेल्यांपैकी बहुतेकांचं कारण एकच असतं: ऐन शेवटच्या तारखेला अर्ज अडकला.

बदल कसा करायचा?

१. ब्राउझर फक्त प्ले स्टोअर, अ‍ॅप स्टोअर किंवा कंपनीच्या मूळ साइटवरूनच घ्या. नावाखाली बनवणाऱ्याचं नाव असतं, ते मोझिला, ब्रेव्ह सॉफ्टवेअर किंवा डकडकगो आहे का, ते तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल कुणीही पाठवलेली असो, उघडू नका. ‘आरटीओ चलान’ या नावाने आलेल्या अशाच फाईल उघडून अनेकांची बँक खाती रिकामी झाली आहेत.

२. अँड्रॉइडवर सेटिंग, मग अ‍ॅप्स, मग डीफॉल्ट अ‍ॅप्स, मग ब्राउझर अ‍ॅप इथे जाऊन नवा ब्राउझर निवडा. फोनच्या कंपनीनुसार नावं थोडी इकडेतिकडे होतात. सेटिंगच्या वरच्या शोधचौकटीत ‘डीफॉल्ट’ लिहिलं की सापडतं. हे केलं नाही, तर मेसेजमधली प्रत्येक लिंक क्रोममध्येच उघडत राहील.

३. कॉम्प्युटरवर परवानगी दिली की नवा ब्राउझर क्रोममधले बुकमार्क उचलतो. पासवर्डसाठी मात्र कधीकधी क्रोममधून सीएसव्ही फाईल काढून ती नव्या ब्राउझरला द्यावी लागते. या फाईलमध्ये तुमचे सगळे पासवर्ड उघड, साध्या अक्षरांत असतात. काम झालं की लगेच ती फाईल डाउनलोड फोल्डरमधून पुसा, मग रिसायकल बिनमधूनही पुसा. ही पायरी लोक हटकून विसरतात.

४. कॉम्प्युटर आणि फोन जोडायचे असतील तर सिंक चालू करा. फायरफॉक्सचं सिंक अशा कुलपात जातं, की ते मोझिलालाही उघडता येत नाही. त्याची दुसरी बाजू अशी, की पासवर्ड विसरलात तर तिथे साठवलेलंही परत मिळत नाही. रिकव्हरी की काढून कागदावर लिहून ठेवा.

५. क्रोम काढून टाकू नका. लॉगिनच्या कामांसाठी तो राहू द्या.

पहिल्याच दिवशी बदलायच्या सेटिंग

- फायरफॉक्समध्ये ट्रॅकिंग संरक्षण ‘स्टँडर्ड’ असतं. ते ‘स्ट्रिक्ट’ करा. एखादी साइट बिघडली तर फक्त त्या साइटपुरतं ढिलं करता येतं.
- ‘फक्त एचटीटीपीएस’ चालू करा, म्हणजे ब्राउझर साइटशी सांकेतिक जोडणीनेच बोलेल.
- नोटिफिकेशन मागण्यावर सरसकट बंदी घाला. ज्येष्ठांच्या फोनवर ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले’ असे लाल इशारे येतात ना, ते बहुतेक वेळा व्हायरस नसतातच. कधीतरी कुठल्याशा साइटवर ‘अलाऊ’ दाबलेलं असतं, तिथून ते येतात. परवानग्यांच्या यादीत जाऊन ती साइट काढली की इशारे थांबतात.
- ठिकाण, कॅमेरा, माइक या परवानग्या ‘विचारून द्या’ वर ठेवा.
- तांत्रिक माहिती कंपनीला पाठवणं, प्रायोजित शॉर्टकट, जाहिरातींचं मोजमाप असे पर्याय दिसले तर बंद करा.
- सर्च इंजिन बदला. क्रोम सोडून फायरफॉक्स घेतला आणि शोधायला गुगलच ठेवलं, तर तुम्ही काय शोधता ते गुगलला कळतच राहतं.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं सविस्तर बोलायला हवं. मराठीत शोधताना, आणि ‘सक्करदरा तलावाजवळ दातांचा दवाखाना’ यासारख्या अगदी जवळच्या गोष्टी शोधताना, डकडकगोचे निकाल गुगलपेक्षा अजूनही कमी पडतात. इंग्रजीत शोधताना हा फरक फारसा जाणवत नाही. म्हणून मुख्य सर्च डकडकगो किंवा ब्रेव्ह सर्च ठेवा आणि मराठी किंवा स्थानिक शोधासाठी गुगल वापरा, फक्त त्या ब्राउझरमध्ये गुगल खात्यात लॉगिन करू नका. आपल्या भाषेत शोधण्याची सवय मोडावी लागेल, अशी कोणतीही सूचना मला मान्य नाही.

अर्ज अडला, पैसे अडकले, तर?

महावितरणचं बिल, महापालिकेचा मालमत्ता कर, विद्यापीठाचं परीक्षा शुल्क भरताना नव्या ब्राउझरमध्ये तीन ठिकाणी अडचण येते. कॅप्चाचं चित्र दिसत नाही, बँकेची खिडकी उघडत नाही, किंवा ओटीपी टाकल्यावर पान पांढरंच राहतं. कारण बहुधा एकच: साइटने दुसऱ्या कंपनीकडून मागवलेला भाग ब्राउझरने ट्रॅकर समजून अडवलेला असतो.

पत्त्याच्या पट्टीत फायरफॉक्सला ढालीचं आणि ब्रेव्हला सिंहाचं चिन्ह दिसतं. ते दाबून त्या साइटपुरतं संरक्षण बंद करा आणि पान नव्याने उघडा. खिडकी उघडत नसेल तर त्या साइटला पॉप-अपची परवानगी द्या. हे सगळं पैसे भरण्याच्या पानावर पोहोचण्याआधी करा. पैसे कापल्याचा मेसेज आला आणि पान मध्येच थांबलं, तर ‘बॅक’ किंवा ‘रिफ्रेश’ दाबू नका, लगेच दुसऱ्यांदा पैसेही भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून घ्या, साइटवर पावती निघते का ते थोड्या वेळाने बघा, आणि पुढची कामं दुसऱ्या, राखून ठेवलेल्या ब्राउझरमध्ये करा.

जुना फोन असेल तर आणखी एक बघा. प्ले स्टोअरमध्ये तुमच्या ब्राउझरला अपडेट येणं थांबलं असेल, तर तो कितीही खासगी म्हणवत असला तरी त्यात बँक उघडू नका.

सेतू केंद्र आणि झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर

घरचा ब्राउझर कितीही चांगला निवडलात, तरी आपल्याकडची महत्त्वाची कामं होतात दुकानातल्या कॉम्प्युटरवर. प्रवेशाच्या दिवसांत अशा एखाद्या दुकानातला डाउनलोड फोल्डर उघडून बघा. ‘आधार’, ‘आधार १’, ‘आधार १२’, ‘मार्कशीट फायनल’, ‘उत्पन्न दाखला नवीन’, ‘पासबुक’ अशा नावांच्या फाईलींची रांग लागलेली असते. त्या कुणाच्याही हाती पडू शकतात. दुकानदाराचा हेतू वाईट असतो असं नाही. रांग मोठी असते, पुसायला वेळ नसतो. म्हणून ती काळजी तुम्हालाच घ्यावी लागते.

- काम सुरू करतानाच ‘इन्कॉग्निटो किंवा गेस्ट खिडकी उघडा’ असं सांगा. इन्कॉग्निटोचा खरा उपयोग इथे आहे. अशा सगळ्या खिडक्या बंद केल्या की लॉगिन निघून जातं. मात्र डाउनलोड केलेल्या फाईल तशाच राहतात, हे लक्षात ठेवा.
- ‘पासवर्ड सेव्ह करायचा?’ या चौकटीला दर वेळी नकार द्या. टाइप करणारा दुकानदार असेल तरी नजर ठेवा.
- अर्जात मोबाईल क्रमांक आणि ईमेल तुमचाच टाकायला लावा. घाईत दुकानातला ईमेल टाकला जातो आणि पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या खात्याचा पासवर्ड विसरला की परत मिळवण्याचा मेल दुसऱ्याच्याच खात्यात जातो.
- प्रिंटसाठी दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलंत, तर निघण्यापूर्वी स्वतःच्या फोनमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडून तिथून लॉगआउट करा. हे राहून गेलं, तर तुमची सगळी संभाषणं त्या कॉम्प्युटरवर उघडी राहतात.
- जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या. यूआयडीएआयच्या साइटवरून ते मिळतं आणि त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात.
- तिथून निघताना तुमच्या फाईल डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधून तुमच्यासमोर पुसायला सांगा. संकोच करू नका. 
- जीमेल उघडून ठेवल्याची शंका आली, तर घरी आल्यावर गुगल खात्यात ‘तुमची डिव्हाइस’ उघडा आणि तो कॉम्प्युटर बाहेर काढा.

ब्राउझर बदलूनही कुठे फसगत होते?

*अ‍ॅपमधला लपलेला ब्राउझर.* इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमधली लिंक दाबली, की ती बहुतेकदा त्याच अ‍ॅपच्या पोटात उघडते. तुम्ही फोनमध्ये फायरफॉक्स डीफॉल्ट केलेला असला तरी तिथे त्याचा उपयोग नाही. वरच्या तीन ठिपक्यांतून ‘बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा’ निवडा.

*अ‍ॅप आणि ब्राउझर यांचं आतल्या आत बोलणं.* जून २०२५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी उघड केलं, की अँड्रॉइडवर फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही अ‍ॅप फोनच्या आतल्या एका मार्गाने ब्राउझरमधली माहिती घेत होती आणि तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते थेट तुमच्या खात्याशी जोडलं जाऊ शकत होतं. कुकी पुसून किंवा इन्कॉग्निटो वापरूनही हे टळत नव्हतं. ही बातमी आली त्याच दिवशी मेटाने तो प्रकार थांबवला. ब्रेव्हमध्ये मात्र हा मार्ग आधीपासूनच अडवलेला होता. ब्राउझर बदलून काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो. आणि जे अ‍ॅप लागत नाही ते काढून टाका.

*एक्स्टेन्शनची हौस.* जाहिरात अडवणारं एकच एक्स्टेन्शन पुरे. क्रोममधलं ‘ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन मूळ मालकाने विकलं, नव्या हातात गेल्यावर त्यात घातक कोड आला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलला ते हटवावं लागलं. जितकी एक्स्टेन्शन कमी, तितका धोका कमी. शिवाय तुमची एक्स्टेन्शन, फॉन्ट, स्क्रीनचा आकार यांच्या मेळातूनही तुमचा ब्राउझर ओळखता येतो. तुमचा ब्राउझर किती वेगळा उठून दिसतो, हे अमेरिकेतल्या ईएफएफ संस्थेच्या ‘कव्हर युवर ट्रॅक्स’ या चाचणीत विनामूल्य बघता येतं.

*फुकट व्हीपीएन.* इंटरनेट कंपनीला जे दिसत होतं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं, एवढाच बदल होतो. तो कोण, कुठला, हे तुम्हाला ठाऊक नसतं. २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हा काही नामवंत कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. जाहिरातींपासून सुटका एवढीच गरज असेल, तर व्हीपीएन लागत नाही.

तुमचे हक्क

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत. तेव्हा लागू होणाऱ्यांपैकी या तरतुदी तुमच्या कामाच्या:

- माहिती कशासाठी घेतो, हे कंपनीने सांगितलंच पाहिजे आणि ती सूचना मराठीतही मिळण्याची सोय हवी. आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांना हे लागू आहे.
- दिलेली संमती मागे घेणं, ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे.
- तुमची कोणती माहिती आहे ते विचारणं, दुरुस्त करून घेणं, पुसून मागणं, हे हक्क तुम्हाला मिळतील.
- अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवण्याला मनाई आहे.
- माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तोवर हातावर हात धरून बसायची गरज नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम आजही आहेत. त्यानुसार संवेदनशील माहिती ठेवणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. त्याचं नाव आणि ईमेल साइटच्या तळाशी ‘गोपनीयता धोरण’ किंवा ‘तक्रार निवारण’ इथे सापडतं. मेल लिहा, तारीख घाला, प्रत जपून ठेवा. गुगल खात्यात ‘माझी अ‍ॅक्टिव्हिटी’ उघडून जुनी नोंद आजच पुसता येते आणि तीन महिन्यांपेक्षा जुनं आपोआप पुसलं जाईल असंही लावता येतं. नवा ब्राउझर घेतला तरी गुगलकडे साठलेली मागच्या वर्षांची नोंद आपणहून जात नाही, म्हणून हे काम वेगळं करावंच लागतं.

फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर मात्र मेल लिहीत बसू नका. आधी १९३० या क्रमांकावर फोन करा, सोबतच बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घेऊन शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. ज्या ब्राउझरमध्ये प्रकार घडला त्याची हिस्ट्री आणि ते मेसेज तोपर्यंत पुसू नका. तपासाला त्यांची गरज पडते.